अकरा ओळींची जागा

एका बाईच्या कथेच्या शेवटच्या अकरा ओळी मी कापल्या आणि जागा नव्हती असं सांगितलं. जागा होती. त्या अकरा ओळी म्हणजे तिनं दुसऱ्या एका बाईला दिलेलं उत्तर होतं. ते पोचलं नसतं तर दोघींचा संसार मांडण्याआधीच मोडला असता. कापताना मला हे ठाऊक नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. पण शेवटाला हात लावणार नाही असा शब्द मी दिला होता, तेवढं तर मला ठाऊक होतं!

आज हे लिहायला बसलो, कारण पुन्हा तो हंगाम आला. नगरच्या माळीवाड्यातल्या आमच्या छापखान्यात श्रावण लागला की हवाच बदलते. एरवी वर्षभर लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत मात्र दिवाळी अंक! दमट हवेनं कागद फुगतो, यंत्रात अडकतो, शिव्या खातो. शाईचा वास, रॉकेलचा वास, चिकटवायच्या खळीचा आंबूस वास. ट्रेडल यंत्राची खटक-धप्प, खटक-धप्प. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, ओठातल्या ओठात गुणगुणत अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे आमचे म्हातारे कंपोझिटर याकूबभाई. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो, पण या दिवसांत पोस्टमनची सायकल दारात वाजली की अजून छातीत धडधडतं. कुठल्या लिफाफ्यात काय निघेल, सांगता येत नाही.

आज सकाळी जाड लिफाफा आला. कडेनं फाडला, टेबलावर आपटला, आणि पानांच्या घडीतून चिमूटभर पीठ सांडलं.

"आलं पीठ?" याकूबभाईंनी मान वर न करताच विचारलं.

"आलं!" मी ओरडलोच.

पुणतांब्याहून हिराबाईंची नवी कथा आली होती.

नावं मी बदलली आहेत. त्यांची पिठाची गिरणीसुद्धा बदलणार होतो, पण हिराबाईंनी बदलू दिली नाही. "मला काय म्हनायचं ते म्हना," म्हणाल्या, "पर गिरनीला दुसरं काय म्हनू नका."

पहिला लिफाफा आला तो बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधी. वहीची पानं, निळी शाई, गोल आणि इतकं दाबून लिहिलेलं अक्षर, की पानाच्या पाठीवरून हात फिरवला तर अक्षरांचा उठाव बोटांना लागावा. तेव्हाही पीठ सांडलं होतं. मी चक्रावलो. याकूबभाईंनी चिमूट उचलून जिभेवर ठेवली. "बाजरी हाय, नाना. आणि ताजी हाय."

कथेचं नाव 'शिवेवरचा ओढा'. मी उभ्या उभ्या वाचायला लागलो. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. मुक्ता आणि तानी, शेजारशेजारच्या रानातल्या दोघी. एकमेकींच्या पातीला खुरपायला बसणाऱ्या, एकाच फडक्यातली भाकरी खाणाऱ्या. त्यात एक वाक्य होतं: 'मुक्ताच्या मानेवर घाम आला की तानीला तहान लागायची.' मी तिथं थांबलो. पुन्हा वाचलं. मग खुर्ची ओढून बसलो. दर वर्षी शंभरेक कथा माझ्या हाताखालून जातात, त्यांत चंद्र असतो, मोगरा असतो, गच्ची असते. असं वाक्य मी जन्मात वाचलं नव्हतं. बाईला बाईची तहान लागते हे कुणी इतकं साधं, भाकरी थापल्यासारखं लिहू शकतं?

शेवटी मुक्ताचं लग्न ठरतं. तिला न्यायला बैलगाडी येते. गाडी शिवेपाशी पोचते, आणि तिथून पुढं त्या अकरा ओळी.

मला राहवेना. दुसऱ्याच दिवशी पॅसेंजरनं पुणतांब्याला गेलो. गोदावरी तांबडी होऊन काठाला लागली होती. स्टेशनावर पत्ता विचारायची गरजच नव्हती, इंजिनाच्या नळीची पुक-पुक ऐकू येत होती. पत्र्याच्या शेडमध्ये पट्टा गरगरत होता आणि जात्यापाशी एक तिशीची बाई उभी होती. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, हात कोपरापर्यंत पांढरे. वडिलांमागं गिरणी तिनंच चालवायला घेतली होती. जात्याच्या पेटीवर उघडी वही, वहीत पेन्सिल.

"इथं लिहिता?" मी ओरडून विचारलं.

"मंग कुठं?" त्याही ओरडल्या. "गिरनी चालू असली की कोनी बोलाया येत न्हाई. बंद केली की समदं गाव बोलाया येतं!"

तेवढ्यात पांढऱ्या पातळातली एक सायकल शेडमध्ये घुसली. सायकलीवर सुमन होती, तिथल्या दवाखान्यातली नर्स. मूळची पारनेरकडची. बदलीवर आली आणि गिरणीमागच्या खोलीत राहिली, त्याला तीन वर्षं झाली होती.

"हेच का ते छापणारे?" सुमन म्हणाली. "बरं झालं आलात. ही लिहायला लागली की पीठ जाडं पडतं. बायका माझ्याकडं तक्रार घेऊन येतात. मी माणसांची नर्स की जात्याची?"

"तू गप, सुमे. तुझ्या सुईपरीस माझं जाडं पीठ बरं!"

रांगेतल्या बायका हसल्या. सुमननं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि हिराबाईंच्या भुवईवरचं पीठ टिपलं. हिराबाई डोळे मिटून उभ्या राहिल्या. दोन क्षण, जास्त नाही. मी पाहिलं आणि मान वळवून पट्ट्याकडं बघत बसलो. मला कळलं होतं. तरी कळलं नाही असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्या दिवसाच्या आनंदात ते खपूनही गेलं. आनंद केवढा होता! नगर जिल्ह्याच्या मातीतून, पिठाच्या धुरळ्यातून एक लेखिका उगवत होती आणि ती पहिल्यांदा मला दिसली होती.

निघताना हिराबाई स्टेशनच्या वाटेपर्यंत आल्या. "नाना, मधलं काय कापायचं ते कापा. मला लई लांबण लावायची खोड हाय. पर शेवटाला हात लावू नका."

"शब्द देतो," मी म्हणालो. अगदी छातीवर हात ठेवून म्हणालो.

याकूबभाईंनी ती कथा स्वतः जुळवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कंपोझिटर कथा वाचतो ती उलटी, एकेक अक्षर चिमटीत धरून. त्याच्याइतकी कथा लेखकालाही माहीत नसते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "नाना, ह्या बाईनं माझ्या डोळ्यांत पानी आनलं. आता खिळे दिसंनात." मीही येईल त्याला ती कथा ऐकवत होतो. शेवट सोडून.

हो, शेवट सोडून. तिथून माझं घसरणं सुरू झालं. ऐकवताना शिवेपाशी आलो की माझा आवाज आपोआप थांबायचा. आमचा अंक शाळांच्या वाचनालयांत जायचा. एखादे मुख्याध्यापक काय म्हणतील? घरी बायको वाचील, तिची आई वाचील. कुणी एक अक्षर बोललेलं नव्हतं. कुणाच्या हातात अंकही नव्हता. तरी मी सगळ्यांच्या वतीनं भिऊन घेतलं. जुळवलेल्या पानांचा शेवटचा फर्मा यंत्रावर चढायच्या सकाळी मी याकूबभाईंना म्हणालो, "शिवेपाशी कथा थांबवा. जागा नाही."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "जागा हाय की, नाना. अकरा ओळी आरामात बसत्यात. बसवून दावू?"

"नको. पणतीचा ठोकळा टाका."

"दिवाळी अंकात पनत्या काय कमी हायेत?"

"याकूबभाई, सांगतो तेवढं करा."

जिथं अकरा ओळी होत्या तिथं नक्षीची एक पणती बसली. कथेचं शेवटचं वाक्य उरलं: 'गाडी शिवेपाशी पोचली. मुक्तानं मागं वळून पाहिलं नाही.'

अंक निघाला आणि पत्रांचा पाऊस पडला! मुलीनं शेवटी आपल्या घरी जावं हे लेखिकेनं किती हळुवारपणे दाखवलं, असं एकानं लिहिलं. मैत्री कितीही गोड असली तरी कर्तव्य श्रेष्ठ, असं दुसऱ्यानं. एका मंडळानं तर ती वर्षातली सर्वांत संस्कारी कथा ठरवली. आणि मी ती पत्रं मोठ्यानं वाचून दाखवत होतो. लाज वाटते सांगायला, पण मला खरोखर आनंद होत होता. याकूबभाई तेवढ्या वेळात बाहेर जाऊन विडी ओढून यायचे.

हिराबाईंची प्रत टपालात रखडली होती. ती पोचल्यावर, भाऊबीजेच्या दिवशी, त्यांचं कार्ड आलं. वर मायना नाही, खाली नमस्कार नाही. 'नाना, तुमची पणती पाहिली. मोठी आहे.' छापखान्याशी संबंध नसलेल्या बाईला कळलं होतं, की पणती बसते तिथं ओळीही बसल्या असत्या.

कार्ड मी कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन छापखान्यात आली.

दसऱ्यापासून ती नगरलाच होती, मोठ्या दवाखान्यात ट्रेनिंगसाठी. हातात पिशवी, पिशवीत आमचा अंक. ती बसली नाही. "नाना, पारनेरला भावाकडं चाललेय. माझं एक स्थळ आलंय. तुळशीचं लग्न लागलं की भाऊ सुपारी फोडायची म्हणतो. मी आषाढातच हिराला विचारलं होतं, काय करू? ती म्हणाली, मी तोंडानं सांगितलं तर तुला वाटंल मी अडवते. माझं म्हणणं अंकात येईल, ते वाच आणि तुझं तू ठरव." तिनं पान उघडून पणतीवर बोट ठेवलं. "हा शेवट तिनंच लिहिलाय ना?"

खरं सांगायला यापेक्षा सोपी वेळ कुणाला मिळाली असेल? एक शब्द पुरला असता. पण समोर चार माणसं होती, टेबलावर कौतुकाची पत्रं होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "हो. त्यांनीच."

"बरं," सुमन म्हणाली. अंक पिशवीत घातला. "मग ठीकच आहे." आणि गेली.

ट्रेडल थांबलं. याकूबभाई स्टुलावरून उठले, खाली वाकून मांडणीच्या तळातून लोखंडी पाटी ओढली. पाटीवर दोरीनं आवळून बांधलेल्या अकरा ओळी. काम झालं की जुळवलेला मजकूर मोडून खिळे आपापल्या घरात टाकायचे, हा आमचा नेम. हंगामात तर खिळ्यांची एवढी ओढाताण, की संध्याकाळपर्यंत मोडावाच लागतो. चाळीस वर्षांत याकूबभाईंनी तो नेम मोडला नव्हता.

"हे मोडलं न्हाई मी," ते म्हणाले. "हात झाला न्हाई. नाना, पोरीला खोटं सांगितलं तुमी. मला काय, मी उलटं वाचनारा मानूस. पर मला सुलटं कळलं ते तुमाला का कळलं न्हाई?"

त्यांनी शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला, दाबला आणि ओलं प्रूफ माझ्या हातात दिलं. "पारनेरची गाडी सुटायची हाय. पळा!"

आणि मी पळालो! धोतराचा सोगा एका हातात, प्रूफ दुसऱ्या हातात, वाऱ्यानं शाई पुसू नये म्हणून कागद पाण्याच्या ताटासारखा आडवा धरलेला. माळीवाड्याचा स्टँड काही लांब नाही, पण चव्वेचाळीस वर्षांचा माणूस दिवाळीच्या गर्दीतून धावतो तेव्हा सगळा रस्ता त्याच्याकडं बघतो. फराळाचे डबे, नवे कपडे, माहेरवाशिणी. पारनेरची गाडी धूर सोडत उभी होती. खिडकीत सुमन.

"हे वाचा," मी कागद खिडकीतून आत दिला. धाप लागून पुढं बोलताच येईना. "हे... कापलं... मी."

ती वाचत होती आणि मी खालून तिचे डोळे ओळीवरून ओळीवर जाताना बघत होतो. ओळी मला पाठच होत्या. ओढ्यात चाकं भिजली तेव्हा मुक्ता म्हणाली, थांबव. गाडीवान म्हणाला, मुहूर्त टळंल. ती म्हणाली, टळू दे. ती पाण्यात उतरली आणि शालू पोटरीपर्यंत भिजवत माघारी चालत आली. तानी दारात उभी होती. तिनं विचारलं नाही का आलीस. तिनं विचारलं, दमलीस का. मग दोघी आत गेल्या, आणि तानीनं आतून कडी घातली.

कंडक्टरनं घंटी ओढली. सुमन उठून दाराशी आली.

"बाई, चढायचंय का उतरायचं? एक काय ते ठरवा!" कंडक्टर खेकसला.

"ठरलंय," सुमन म्हणाली आणि पिशवीसकट उतरली.

मी हात जोडायला लागलो. तिनं अडवलं. तिच्या बोटांना माझी शाई लागली होती. "माझी माफी मागून काय होणार? मी नुसती वाचणारी. लिहिणारीची मागा. दुपारची पॅसेंजर आहे ना?"

त्या पॅसेंजरमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. राहुरी गेलं, बेलापूर गेलं. उसाचे तुरे, पाटाचं पाणी, खळ्यांवर नव्या बाजरीच्या राशी. मला वाटतं आयुष्यात मी इतका शरमिंदा आणि इतका आनंदात एकाच वेळी कधी नव्हतो. सुमन मध्येच हसायची, मध्येच डोळे पुसायची, आणि प्रूफ उघडून पुन्हा वाचायची. एकदा म्हणाली, "दमलीस का, असंच विचारते ती. मी दवाखान्यातून आले की रोज."

पुढचं तसं लोकांना ठाऊक आहे. पुढच्या दिवाळीत 'शिवेवरचा ओढा' मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा छापली. तीन शाळांनी अंक परत पाठवला. फक्त तीन! आणि एका अनोळखी गावातून कार्ड आलं, पत्ता नुसता 'गिरणीवाल्या लेखिका, पुणतांबे'. आत एकच ओळ: 'मला वाटत होतं मी एकटीच आहे.' हिराबाईंनी ते कार्ड जात्याच्या पेटीवर खिळ्यानं ठोकलं. दुष्काळात त्याच जात्यावर रेशनची तांबडी मिलो ज्वारी दळत त्यांनी सात कथा लिहिल्या. त्या पानांतून तांबडं पीठ सांडायचं. पुण्याच्या प्रकाशकानं त्यांचं पुस्तक काढलं तेव्हा त्यानं मागं लिहिलं, 'मैत्रीच्या हृद्य कथा'. हिराबाईंनी ते कव्हर परत पाठवलं. मला म्हणाल्या, "गावातले आमाला मैत्रिनी म्हनत्यात, म्हनू द्या. त्यास्नी तेवढा एकच शब्द ठावा हाय. पर मी लिहिते ते प्रीतीचं हाय. छापनाऱ्यानं तरी समजून छापावं." कव्हर बदललं. सुमनचा भाऊ अजून बोलत नाही. पण दोघांची आई गेल्या वर्षी पुणतांब्याला येऊन महिनाभर राहिली आणि जाताना गिरणीतून दोन पायली पीठ घेऊन गेली. गावात कुजबूज आहे, नाही असं नाही. पण रांगही आहे.

हे सगळं नंतरचं. मला पोचायचं होतं त्या संध्याकाळी.

नव्या बाजरीचे दिवस. डबे-पाट्या घेऊन पंधरा-वीस बायकांची रांग. इंजिन पुकपुकत होतं, पट्टा फडफडत होता, शेडमध्ये उन्हाच्या तिरिपीत पीठ तरंगत होतं. सुमन रांगेच्या कडेनं पुढं गेली आणि हिराबाईंसमोर उभी राहिली. काळी झालेली बोटं तेवढी वर केली. हिराबाईंनी बोटांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. गिरणी बंद केली नाही. हातातली पाटी सुमनच्या हातात दिली. "धर. ह्या आजीचं पयलं घे, लांबून आलीय." पण पाटी देताना त्यांनी सुमनची ती काळी बोटं क्षणभर घट्ट धरली.

मग माझ्याकडं वळल्या. "तुमी कशाला आला?"

मी वाटेत वाक्यं जुळवली होती. नम्र, बेताची, छापण्याजोगी. ती मी हळू आवाजात म्हणालो.

"काय? ऐकू येत न्हाई!"

मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं.

"न्हाई येत, नाना!"

रांगेतली ती लांबून आलेली म्हातारी वैतागली. "आरं बाबा, जोरात बोल की! इथं काय कानात सांगायचं हाय व्हय? आमचं दळन खोळंबलंय!"

मी गिरणीच्या मधोमध उभा राहिलो. पीठ तोंडात जात होतं. गळ्याच्या शिरा ताणून, त्या वीस बायकांसमोर, मी जन्मात ओरडलो नव्हतो तेवढ्यानं ओरडलो, "हिराबाई, मला कुणी भीती घातली नव्हती! मीच भ्यालो! तुमची कथा खरी होती, म्हणून भ्यालो! माझं चुकलं!"